फळीवरची बॅटरी

१

मिस्त्री येईल त्याला एकच सांगायचा. बॅटरीला जावयासारखं ठेवा. उपाशी ठेवू नका, घशाशी येईस्तोवर भरवू नका, उन्हात बसवू नका, आणि महिन्यातून एकदा तरी बरं आहे ना म्हणून विचारा. त्याचा स्वतःचा जावई शेजारी उभा असला तर हे अजून मोठ्यानं सांगायचा. जावई बिचारा खाली मान घालून आपले बूट बघत बसायचा.

त्याचं काम तसं गमतीचं. वस्तीपासून जरा लांब पत्र्याची एक लांबलचक शेड, आणि शेडमध्ये ओळीनं घरगाड्या. घरगाडी म्हणजे व्हॅनच, पण आत पलंग, शेगडी, तळहाताएवढं बेसिन, डोक्यावर दिवा. लोक सुट्टीत ती घेऊन हिंडतात, सुट्टी संपली की शेडमध्ये आणून लावतात आणि पुढचे कित्येक महिने तिचं नाव काढत नाहीत. पण गाडी झोपली म्हणून बॅटरी झोपत नाही. घड्याळ आहे, अलार्म आहे, काही ना काही थेंब थेंब पीतच असतं. अशी थेंबाथेंबानं रिकामी झाली आणि तशीच पडून राहिली की बॅटरी बसते. बसली म्हणजे बसली. मग कितीही चार्जिंग लावा, वरवर भरल्यासारखी दाखवते आणि दिवा लावला की मान टाकते.

म्हणून गाडी आली की मिस्त्री बॅटरी काढून घ्यायचा. काळी वायर आधी, लाल नंतर. टर्मिनलवरचा पांढरा मळ सोड्याच्या पाण्यानं धुवायचा, आतलं पाणी कमी असलं तर भरायचा आणि उचलून मागच्या खोलीतल्या लाकडी फळीवर ठेवायचा. वर चिकटपट्टी लावून नाव टाकायचा. आता मालकाचं खरं नाव लिहिलं तर तो मिस्त्री कसला. एका बॅटरीवर 'टकल्या', एकीवर 'रोज भांडणारे', एकीवर 'कुत्रेवाली'. शेडच्या मालकीणबाई कपाळावर हात मारायच्या.

"अहो मिस्त्री, ती बाई काल आत येऊन वाचून गेली."

"मग? कुत्रं नाही का तिच्याकडे?"

फळीच्या टोकाला एक बॅटरी होती, तिच्यावर 'मास्तरीण' लिहिलेलं. ती मिस्त्रीच्या स्वतःच्या घरगाडीची. मास्तरीण म्हणजे त्याची बायको. शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवायची, घरी याला. सीझन संपायच्या जरा आधी ती गेली.

गाडी दोघांनी नोकरीतून मोकळं झाल्यावर घेतलेली, जुनीच. समुद्र बघायला जायचं ठरलं होतं. पडदे तिनं शिवले, वायरिंग यानं केलं. पडदे आधी झाले, हे ती त्याला मरेपर्यंत ऐकवायची. खरंच मरेपर्यंत. मग तिचं दुखणं निघालं, समुद्र पुढं ढकलला, आणि ढकलता ढकलता कुठं गेला कोण जाणे. शेवटी शेवटी ती दुपारची याच्याबरोबर शेडमध्ये यायची, उभ्या गाडीत पलंगावर पाय पसरून दिवा लावायची आणि पुस्तक वाचत बसायची. घरी भिंती अंगावर येतात म्हणायची, इथं बसलं की निघाल्यासारखं तरी वाटतं.

हा बाहेरून कुरकुर करायचा, "मास्तरीणबाई, दिवा बंद करा, बॅटरी उतरतेय."

"उतरू दे. तुम्ही आहात ना भरायला."

२

मिस्त्री फळीवरच्या बॅटऱ्या तपासायला निघाला की मीटर घेऊन एका टोकापासून सुरू करायचा. लाल टोक इकडे, काळं तिकडे, आकडा बघायचा, पुढं. साडेबारा व्होल्टच्या वर असला की पोट भरलेलं. बाराच्या खाली गेला की रड सुरू.

टकल्या भरलेला. भांडणारे भरलेले. कुत्रेवाली जरा कमी, पण ती जुनीच होती. टोकाला आला, मास्तरीणला मीटर लावला आणि परत लावला. मग मीटर झटकला, त्याचे सेल बदलले, पुन्हा लावला.

बॅटरी उतरलेली होती. आदल्या दिवशीच त्यानं ती काठोकाठ चार्ज करून ठेवली होती.

आता तुम्ही म्हणाल, ठेवलेली बॅटरी उतरतेच. उतरते, कबूल. पण नुसती फळीवर बसलेली, कशाला न जोडलेली बॅटरी महिन्याभरात केसभर उतरते. एका दिवसात नाही. मिस्त्रीनं तिच्या खालची फळी पुसली, ओल आहे का बघितलं. टर्मिनल घासले. झाकणं काढून सगळ्या खणांत पाणी आहे का बघितलं, होतं. मग चार्जरवर शंका घेतली, दुसरा चार्जर लावला. भरली. दुसऱ्या दिवशी परत उतरलेली. मग त्यानं डोकं चालवलं आणि टकल्याची बॅटरी टोकाला ठेवली, मास्तरीणची मधे. जागेचा दोष असला तर आता टकल्या उतरायला हवा होता.

टकल्या जागचा हलला नाही. मास्तरीण उतरली.

आणि उतरली ती रोज तेवढीच. थोडी नाही, फार नाही. दुपारभर एक दिवा जळावा तेवढीच. हा हिशेब त्याला मांडावा लागला नाही. त्या आकड्यावरून तर तो रोज कुरकुर करायचा.

३

त्याला पहिल्यांदा वाटलं, आपली कुणीतरी खेचतंय. वाटणारच. त्यानं काय कमी लोकांची खेचली होती? मालकीणबाईंच्या खुर्चीखाली त्यानं एकदा असा भोंगा बांधून ठेवला होता, गाडी मागे घेताना पीं पीं वाजतो ना, तो. बाई टेकल्या की वाजायचा, उठल्या की बंद. बाईंनी दोन दिवस जेवण कमी केलं होतं.

तेव्हा तो सरळ ऑफिसात गेला. ऑफिस म्हणजे काचेची एक खिडकी, एक टेबल आणि एक किटली. बाई कपात चहा ओतत होत्या.

"बाई, फिटलं समजा. आता बस करा."

"काय बस करू?"

"माझ्या बॅटरीवर कोण दिवा लावतंय दुपारचं? भोंग्याचा सूड ना हा?"

बाईंनी किटली खाली ठेवली. एरवी असल्या बोलण्यावर त्या निदान दोन शब्द ऐकवायच्या. आता हसल्याही नाहीत.

"मिस्त्री, भोंग्याचं उट्टं मी काढणार, सोडणार नाही तुम्हाला. पण मास्तरीणबाईंच्या वस्तूला हात लावून काढणार? एवढी हलकी वाटले का मी?"

मिस्त्री बाईंचाच चहा उचलून पिऊन आला.

तरी त्यानं संध्याकाळी मागच्या खोलीला आपलं कुलूप घातलं आणि दाराला खालच्या बाजूनं बारीक दोरा चिकटवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. दोरा होता तसाच होता. बॅटरी उतरली होती.

४

मग त्यानं ती स्कूटरवर पायापाशी ठेवून घरी नेली. स्वयंपाकघरात टेबलावर ठेवली, चार्ज केली. दुसऱ्या दिवशी दुपारी मीटरची टोकं टर्मिनलला अडकवली आणि समोर खुर्ची टाकून बसला. म्हटलं, बघू तरी उतरतेस कशी.

बराच वेळ काही झालं नाही. नळ ठिबकत होता, तो त्यानं घट्ट केला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. मग आकडा हलला.

एकदम पडला नाही. सावकाश खाली यायला लागला. ठिणगी नाही, आवाज नाही, बॅटरीला हात लावला तर नेहमीसारखी. नुसता आकडा उतरत होता. पलीकडे कुणीतरी बसून घोट घोट पितंय, घाई नाही, दुपार आपलीच आहे, असा.

मिस्त्री बसल्या जागी म्हणाला, "अगं."

त्यानं स्कूटर काढली आणि शेडवर गेला. बाहेर चांगलं ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती. त्याची गाडी शेडच्या कडेला, शेवटच्या खांबाजवळ उभी होती. तो मागून आत शिरला. आधी पलंगाखालचा बॅटरीचा खण उघडला. खण रिकामा. त्यानंच काढलेल्या वायरी, टोकांना त्यानंच गुंडाळलेली चिकटपट्टी, जशीच्या तशी. मग वर बघितलं. वाचायच्या दिव्याचं बटण चालू होतं. दिवा अर्थातच बंद होता. वीजच नव्हती तर लागणार कुठून.

त्यानं हात लावला. काच तापलेली होती.

आता मिस्त्री काही भित्रा माणूस नव्हे. त्यानं स्वतःची समजूत घातली, पत्र्याची शेड आहे, पत्रा तापतो, पत्र्याखाली गाडी तापते, गाडीत दिवा तापतो, एवढं काय त्यात. असं म्हणून त्यानं बेसिनला हात लावला. गार. पलंगाची लोखंडी कड, गार. शेगडी, गार. परत दिव्याला लावला आणि चटकन काढून घेतला.

बटण त्यानं बंद केलं. दार ओढून घेतलं. ऑफिसच्या खिडकीपर्यंत पोचला असेल नसेल, मागून टक् असा एवढासा आवाज आला. बटण लावल्याचा.

५

कुणाला बोलला नाही तो. काय बोलणार? त्याच्या तोंडून खरं आलं तरी लोक आधी खुर्चीखाली बघायचे.

बॅटरी त्यानं परत शेडमध्ये आणली, आणि संध्याकाळी घरी जाताना रोज ती चार्जरवर टाकायला लागला. आता खरी गोष्ट सांगतो, हसू नका. माणूस खुशीत होता. रोज दाढी करायला लागला. कुत्रेवालीच्या गाडीचं काम करताना शीळ घालायला लागला. दुपारी डबा घेऊन आपल्या गाडीशी जायचा, बादली उलटी करायचा आणि चाकाला पाठ टेकून जेवायचा. शेडच्या त्या कोपऱ्यात दिवसाही अंधारच. पडद्याच्या कडेनं पिवळी रेघ दिसायची, दोऱ्याएवढी. कधी पान उलटल्याचा आवाज यायचा. कधी आतला पंप गुरगुरायचा, बेसिनचा नळ सोडला की गुरगुरतो तसा. टाकी त्यानं स्वतः रिकामी केली होती, तेव्हा पंप कोरडाच ओढायचा, खरखर खरखर, आणि थांबायचा.

हा बाहेरून गप्पा मारायचा. मालकीणबाईंनी केस रंगवलेत, कपाळ पण रंगलंय. जावयाला बढती मिळाली, कशी काय मिळाली विचारू नकोस. आतून कधी उत्तर आलं नाही. पण हा बोलायला लागला की पान उलटायचं थांबायचं.

दार उघडून बघितलं का, असं तुम्ही विचाराल. नाही बघितलं. एकदा आत शिरून आला होता तेवढाच. दार उघडलं आणि आत कुणी नसलं तर? मग ती रेघ पण गेली, पान पण गेलं. आणि कुणी असलं तर काय, हे त्यानं डोक्यात येऊच दिलं नाही.

मग एक दिवस जेवता जेवता त्याच्या कानाशी दाराची मूठ हलली.

आतून. हळूच खाली गेली, थोडी थांबली, वर आली. दाराला कुलूप नव्हतं. आतून नुसतं दाबलं की उघडतं ते, पोरं सुद्धा उघडतात. पण उघडलं नाही. मूठ परत खाली गेली, परत वर. जोर नाही, धक्का नाही. शेजारी कुणी झोपलेलं असताना आपण आवाज न करता दार बघतो ना, उघडतंय का, तसं.

घास तोंडातच राहिला त्याच्या.

पुढं ते रोजचं झालं. पानांचा आवाज कमी, मुठीचा जास्त. आणि बॅटरीही आता जास्त उतरायला लागली. आतलं पाणी आटायचं, शिशाच्या पट्ट्या उघड्या पडायच्या, हा पाणी घालायचा, परत आटायचं. अशी रोज उपसून रोज भरलेली बॅटरी किती दिवस तग धरणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. ती बसणार होती. आज ना उद्या बसणार, आणि मग आतला दिवा जाणार. आणि ती तिथंच, अंधारात, मूठ धरून.

हे सगळं कळूनही त्यानं काय केलं, तर रेडिओ आणला. जेवताना मोठ्यानं लावायला लागला. मुठीचा आवाज येऊ नये म्हणून.

६

मुलगी आली ती ठरल्याप्रमाणे. चिऊ म्हणायचे तिला घरात, आता दोन पोरांची आई झाली तरी चिऊच. शेडची जागा मालकीणबाई सोडणार होत्या, सगळ्या गाड्या हलवायच्या होत्या. मिस्त्रीच्या घराखाली स्कूटरला जागा मिळायची मारामार, घरगाडी कुठून लावणार. तेव्हा चिऊनं तिच्या मैत्रिणीला गाडी द्यायचं बोलून ठेवलं होतं. नवरा-बायको आणि तान्हं पोर, फिरायची हौस असलेले.

"बाबा, रेडिओ केवढ्यानं लावलाय. बहिरे झालात का?"

"तुझं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून लावलाय."

"परवा येतायत ते गाडी न्यायला. आवरून ठेवू या आज."

"परवा नको. बॅटरी ठीक नाही अजून."

"अहो मग नवी टाकू. बॅटरीसाठी अडलंय का कुणाचं?" आणि हा अगं अगं म्हणेपर्यंत तिनं दार उघडून आत पाऊल टाकलं सुद्धा.

मिस्त्रीनं रेडिओ बंद केला. आतून काही ऐकू येईना. चिऊ चालत होती, कपाट उघडत होती, तेवढंच. त्यानं हातानं चाक धरून ठेवलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली, हातात पुस्तक होतं, डोळे लाल.

"आईचं पुस्तक इथंच राहिलं, बाबा."

"राहू दे ना मग."

"पण बघा ना." तिनं पुस्तक उघडून दाखवलं. "दवाखान्यात मला म्हणाली होती, अर्धं झालंय, उरलेलं तू वाचून सांग. खूण तर इथं आहे, शेवटाला. दोन-चार पानं उरलीत फक्त." तिनं नाक पुसलं. "मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल. तिची सवयच ती."

"असेल," मिस्त्री म्हणाला. त्यानं पुस्तक तिच्या हातातून घेतलं, आत गेला, पलंगावर ठेवलं आणि मागे न बघता बाहेर आला.

चिऊ हात धुवायला गेली तेव्हा मालकीणबाई चहाचे कप घेऊन आल्या. त्याही गाडीकडे बघत उभ्या राहिल्या. "बाकी शेड सुटली की तुमच्या आरोळ्या मी विसरणार नाही हो, मिस्त्री."

आरोळ्या म्हणजे शेडचा एक नियम होता, बाईंनीच घातलेला. मागं एकदा भांडणाऱ्यांचे वडील गाडीत मागं पांघरूण घेऊन झोपले होते आणि मिस्त्रीनं बॅटरी काढून नेली. म्हातारबुवा अंधारात उठले, भांडं लाथाडलं, आणि आपण मेलो असं समजून मोठ्यानं सुनेची माफी मागायला लागले. सून बाहेरच उभी होती, तिनं पुरतं ऐकून घेतल्यावर दार उघडलं. त्या दिवसापासून नियम. काळी वायर काढण्याआधी दार वाजवायचं, "आत कोण आहे का, वीज काढतोय," अशी हाक द्यायची, आणि जरा थांबायचं. मिस्त्री तर स्वतः झाडून काढलेल्या गाडीलाही हाक द्यायचा. लोक हसायचे.

"प्रत्येक गाडीला दिलीत हाक," बाई म्हणाल्या. "मी ऑफिसात बसून ऐकायची. तुमच्या गाडीची तेवढी ऐकली नाही त्या दिवशी. म्हटलं, असू दे."

मिस्त्रीनं कप तोंडाला लावला. चहा संपलेला होता.

त्या दिवशी त्याला आवाजच फुटला नव्हता. ती जाऊन आठवडाही झाला नव्हता. तिच्या गाडीला हाक द्यायची, आणि मग नियमाप्रमाणे जरा थांबायचं, उत्तर येत नाही ते ऐकत. ते त्याच्यानं झालं नसतं. त्यानं गुपचूप आत जाऊन काळी वायर काढली होती, मग लाल, आणि बॅटरी उचलून चोरासारखा निघून आला होता.

७

तान्हं पोर त्या पलंगावर झोपणार होतं.

गाडी न्यायला यायच्या दिवशी मिस्त्री जेवायच्या वेळेला शेडवर गेला. रेडिओ नाही, डबा नाही. मालकीणबाई खोकी बांधत होत्या, त्यांनी मान हलवली, त्यानं हलवली. पुढच्या गाड्या गेलेल्या होत्या, शेड मोकळी मोकळी वाटत होती, पावलांचा आवाज घुमत होता. शेवटच्या खांबाजवळ पडद्याच्या कडेनं रेघ दिसत होती. पण पिवळी नव्हती आता. लालसर झाली होती, निखारा विझताना होतो तशी. सकाळी बॅटरी चार्जरवरून काढली तेव्हाच ती चार्ज नीट धरत नव्हती.

तो दाराशी उभा राहिला. आत पान उलटलं. थोड्या वेळानं अजून एक. मग पुस्तक मिटल्यासारखा थप्प आवाज आला.

मूठ खाली गेली. थांबली. वर आली.

परत फिरावं असंही मिस्त्रीच्या मनात आलं. बॅटरी चार्जरवर टाकावी, मैत्रिणीला फोन करावा, गाडी कुठल्या तरी झाडाखाली नेऊन लावावी. काहीही करता आलं असतं. मूठ परत खाली गेली.

त्यानं दार वाजवलं. खाकरला, मग म्हणाला, "आत कोण आहे का? वीज काढतोय."

आणि जरा थांबला.

आत दिव्याचं बटण टक् करून बंद झालं. रेघ गेली. पंप एकदा खरखरला, कप विसळावा तेवढाच, आणि थांबला. गाडी किंचित हलली. जुन्या स्प्रिंगांची गाडी, आत कुणी चाललं की हलते. हालचाल पलंगाकडून दाराकडे आली. मूठ खाली गेली, आणि या खेपेला दार उघडलं.

गुडघे दुखायचे तिचे. ती शिडीवरून उतरावं तशी पाठमोरी उतरायची, पाय मागं टाकून पायरी चाचपायची. दारातून पाऊल बाहेर आलं. राखाडी मोजा. त्याचाच, दवाखान्यात पाय गार पडतात म्हणून त्यानं आपल्या पायातला काढून घातलेला. टाच पायरीवर टेकली. पायरी वजनानं करकरली आणि खाली बसली.

मग दुसरं पाऊल आलं आणि अधांतरी थांबलं.

ती तिथं नेहमी थांबायची. पायरी आणि जमिनीमधे जरा जास्त अंतर होतं, तेव्हा हा मागून हात द्यायचा, ती न बघता तो पकडायची आणि मग खाली उतरायची. पाऊल हवेत तसंच राहिलं. मोज्याची बोटं जराशी हलली, वाट बघताना हलतात तशी.

आणि मिस्त्री घाबरला. इतकी वर्षं जिच्या कुशीला झोपला, रोज दुपारी जिच्याशी दाराआडून बोलला, तिच्या मोज्यांच्या वर काय असेल, चेहरा कसा असेल, या भीतीनं त्यानं डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हात छातीशी धरले.

अंधारात त्याला पायरीचा आवाज ऐकू आला. करकर, हळूच. वजन निघून गेल्यावर पायरी वर येते तो आवाज. जमिनीवर पाऊल पडल्याचं काही ऐकू आलं नाही.

डोळे उघडले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि पडदा हलत होता. त्यानं हात पुढं केला. बराच वेळ तसाच धरून उभा होता. मालकीणबाईंनी लांबून बघितलं आणि त्या खोकी बांधायचं सोडून आत निघून गेल्या.

८

गाडी गेली. मैत्रीण आणि तिचा नवरा चांगली माणसं आहेत, समुद्रावरून फोटो पाठवतात. पोर पलंगावर आडवं झोपतं म्हणे, सगळी जागा अडवून. त्यांना मिस्त्रीनं नवी बॅटरी घालून दिली, काळी वायर, लाल वायर, सगळं नीट समजावलं. जुनी आपण ठेवून घेतली.

ती आता त्याच्या स्वयंपाकघरात टेबलावर असते. खरं तर बसायलाच आली होती, कुणीही भंगारात टाकली असती. पण त्यानं तिच्यात जीव ओतला. हळूहळू चार्ज केली, उतरवली, परत चार्ज केली, खणाखणात पाणी बघितलं, आणि काय झालं कोण जाणे, तिनं धरलं. आता चांगली धरते.

सकाळी उठला की आधी तो मीटर लावतो. जेवायला बसताना लावतो. दुपारी कुठं जात नाही. कधी कधी खुर्ची ओढून समोर बसतो, मीटर अडकवून, आणि बोलत राहतो. मालकीणबाईंनी नातवाला सांभाळायला घेतलंय, नातू पण त्यांच्यासारखाच हिशेबी आहे. जावयाला दुसऱ्यांदा बढती मिळाली, आता मात्र मला काळजी वाटायला लागलीये. बोलता बोलता थांबतो. आकड्याकडे बघतो. परत बोलतो.

परवा चिऊ आली होती, भाजी निवडायला जागा करताना तिनं ती बॅटरी बाजूला सरकवली. जड लागली तिला.

"बाबा, ही कशाला ठेवलीय अजून? चालते तरी का?"

"चालते म्हणजे काय. एकदम उत्तम आहे."

"उतरत नाही ना मागच्यासारखी?"

मिस्त्रीनं तिच्या हातातली भाजी घेतली आणि देठ मोडायला लागला.

"नाही," तो म्हणाला. "अजिबात उतरत नाही."

"मग बरंय."

"हो. बरंय."